आठवीचा निरोप आणि राहून गेलेलं नाव

बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजाराच्या हिशोबानं ठरते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या आईनं मुलाच्या आठवीच्या निरोप समारंभासाठी एक दुपार मोकळी ठेवली, तर सुपात भिजवून ठेवलेली पानं तशीच राहतात आणि त्या दिवसाची मजुरी घटते. तरीही ती ठेवणीतली साडी नेसून शाळेत येते आणि मागच्या रांगेत बसते.

मग दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची लांबलेली भाषणं. पहिल्या तीन नंबरांचा सत्कार होतो. आभार मानले जातात आणि बाकीच्यांना प्रमाणपत्रं वर्गशिक्षक वर्गात देतील, अशी सूचना येते. ‘आमच्या पोराचं नावच घेतलं नाही,’ एवढंच पालक बाहेर पडताना बोलतात.

ही नाराजी वरवरची नाही. मुंबई इलाख्यात सातवीला व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा असायची. ती पास झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शकायची, म्हणून ‘सातवी पास’ या दोन शब्दांना गावात वजन होतं. आज तो उंबरठा आठवीवर आला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते आठवीचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आठवी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र द्यावं, असं याच कायद्याचं कलम 30 सांगतं. ‘प्रत्येक’ म्हणजे पहिले तीन नव्हेत.

आठवीनंतर घराचा हिशोबही बदलतो. शाळेतलं मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच मिळतं. खासगी शाळेत 25 टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलाला मोफत प्रवेशाचं संरक्षणही तिथवरच असतं. नववीची फी भरायची कुठून, हा प्रश्न पुढच्या जूनमध्ये दारात उभा राहतो. त्यातच महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्याला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणजे आठवीतून नववीत जाणं आता आपोआप घडत नाही. मुलानं ते कमावलेलं असतं, आणि आई ते बघायला आलेली असते.

वेळ नाही, ही शाळांची अडचण खरी आहे. पण आकडेमोड करून पाहावी. 60 मुलांचा वर्ग, प्रत्येकाला 20 सेकंद: नाव, टाळ्या, हातात कागद. सगळं मिळून 20 मिनिटं. एका पाहुण्याचं भाषण तेवढंच चालतं.

अनुदानित आणि सरकारी शाळांत हे ठरवून घेण्याची जागाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीच्या बैठकीत हा विषय मांडता येतो.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, अशी पद्धत राज्यानं लागू केली. आज आठवीत असलेल्या मुलांना तो नियम लागू नाही. पण माइकवरून नाव पुकारताना मध्ये आईचं नाव घ्यायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.