मोजक्या गाड्यांचे गणित

स्पोर्ट्स कार म्हटली की बोलणे वेगावर आणि रूपावर येते. पण ज्या गाडीचे काही शेकडेच नग बनायचे आहेत, तिच्या रचनेतला जवळपास प्रत्येक मोठा निर्णय त्या आकड्याने आधीच ठरवलेला असतो. बॉडी पत्र्याची की फायबरची, इंजिन स्वतःचे की विकतचे, काम यंत्राचे की हाताचे, हे सारे नग किती यावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात आणि गोव्यात अशा गाड्या बनल्या आहेत. त्या पाहताना हेच जाणवते की आपल्याकडे हात कुशल आहेत आणि नजरही आहे. अवघड जाते ते थोड्या नगांवर मोठा खर्च पेलणे.

नेहमीच्या मोटारीचे दार, बॉनेट, छप्पर हे भाग अवाढव्य प्रेसखाली पोलादी डायमध्ये दाबून घडवतात. एकेका भागाला एकामागून एक अनेक डाय लागतात आणि सगळ्या बॉडीच्या डायचा खर्च कोट्यवधींत जातो. लाखो गाड्यांवर तो वाटला की गाडीमागे फारसा उरत नाही, पण पाचशे गाड्यांवर वाटला तर गाडी विकायलाच नको. म्हणून छोटा कारखाना फायबर निवडतो. आधी मूळ आकार घडवायचा, त्यावरून साचा काढायचा आणि साच्यात काचतंतूचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे. साचा स्वस्त पडतो, मात्र प्रत्येक नगामागे कारागिराचे कित्येक तास जातात. शिवाय अशी बॉडी बहुधा नुसते आवरण असते, भार खालची पोलादी चौकट झेलते. ही चौकट पिळवटली तर वळणावर चाकांचे कोन बिघडतात आणि गाडी चालकाच्या हाताबाहेर जाऊ लागते. डोळ्यांना दिसणारे सौंदर्य बॉडीत असले, तरी गाडीचा खरा स्वभाव या न दिसणाऱ्या चौकटीत असतो.

इंजिनाचेही तसेच. नवे इंजिन विकसित करण्याचा खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीची बॉडी फायबरची आणि १,१४९ सीसीचे इंजिन रेनोचे होते. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने आपल्या रोडस्टरला इसुझूचे १.८ लिटर इंजिन बसवले. यावर आक्षेप येतो की इंजिन दुसऱ्याचे असेल तर गाडी आपली कशी? मग हाच आक्षेप इटलीच्या पगानीवरही घ्यावा लागेल, कारण तिचे इंजिन मर्सिडीजच्या एएमजी विभागातून येते. मॅक्लारेन एफ-१ या गाजलेल्या गाडीचे इंजिन बीएमडब्ल्यूने बनवले होते. इंजिन कुठे बसवायचे, वजन कुठल्या चाकांवर किती टाकायचे, उष्णता बाहेर कशी काढायची, ही अभियांत्रिकी गाडी बांधणाऱ्याचीच असते.

त्याचे जवळचे उदाहरण म्हणजे मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेची अवंती. २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती प्रथम दिसली आणि पुढे पुण्याजवळ बनली. रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसवले होते, त्याची ताकद सुमारे २५० अश्वशक्ती आणि बॉडी कंपोझिटची. इंजिन मधोमध आल्याने वजन दोन्ही आसांच्या आत राहते आणि गाडी चटकन वळते. पण समोरून येणारा वारा थेट इंजिनापर्यंत पोहोचत नाही, म्हणून बाजूने हवेच्या वाटा काढाव्या लागतात. आपल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आणखी बिकट होतो. रस्त्यांचाही विचार करावा लागतो. अवंतीचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १७० मिलिमीटर ठेवला होता, जो या जातीच्या गाडीला बराच म्हणायचा. मुरबाडवरून माळशेज घाट चढणारा किंवा शहापूरहून तानसा धरणाकडे वळणारा रस्ता पावसाळ्यात पाहिला, तर हा आकडा चैनीचा नाही हे कळते. गाडी उंच झाली की वळणावर ती जास्त कलते, तो तोटा सस्पेन्शनने भरून काढावा लागतो. इथल्या रस्त्यांसाठी स्पोर्ट्स कार रचणे म्हणजे अशा तडजोडी नीट तोलणे.

तरीही सगळ्यात जड ओझे चाचण्यांचे असते. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. ताशी ५६ किलोमीटर वेगाने समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत तयार गाडी मोडावी लागते. लाखो गाड्या विकणाऱ्याला तो खर्च जाणवत नाही, पाचशे विकणाऱ्याला फार जाणवतो. म्हणून चाचणीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. हातांनी बांधलेल्या गाडीत माणसेच बसतात आणि रस्त्यावर तिच्यासमोर दुसरी माणसे असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक उत्पादकाला परदेशी मानकांची मान्यता असलेली वर्षाला २,५०० पर्यंत वाहने इथल्या चाचणीशिवाय आयात करण्याची मुभा दिली. बाहेरच्या मोजक्या गाड्यांसाठी वाट निघत असेल, तर इथल्या छोट्या उत्पादकालाही चाचणीची सोय आणि खर्चात हातभार मिळायला हवा. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. आपणही तिचा विचार करावा.

शेवटचा आक्षेप सगळ्यात सरळ आहे. श्रीमंतांच्या या हौसेचे इतरांना काय? गाडी श्रीमंताकडे जाईल हे खरे, पण ती बांधताना शिकलेले काम तिच्याबरोबर जात नाही. साचे काढणे, हलकी बॉडी भक्कम चौकटीवर बसवणे, थोड्या नगांत दर्जा राखणे, हे रुग्णवाहिका, बस आणि छोटी विजेवर चालणारी वाहने बनवणाऱ्यालाही लागते. पण असे कौशल्य नुसत्या मालकीने येत नाही. मुंबईच्या महिंद्राने २०१५ मध्ये इटलीची पिनिनफारिना ही मोटारींची रचना करणारी कंपनी घेण्याचा करार केला. त्या नावाने पुढे १,९०० अश्वशक्तीची बॅटिस्टा ही विजेवरची गाडी आली, तिचे १५० नगच बनवायचे ठरले आणि ती बनते इटलीत. मालकी आपल्याकडे आली तरी कारागिरी तिथेच आहे, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या तिथे जपली गेली. ती इथे रुजवायची तर एखाद्या प्रदर्शनातल्या टाळ्या पुरणार नाहीत. पहिल्या पाचशे गाड्यांनंतर पुढच्या पाचशे बांधण्याइतके भांडवल, चाचणीची परवडणारी सोय आणि कारागिराला वर्षानुवर्षे मिळणारे काम लागेल.