वाळवीचे गोत

नंदाखालमध्ये आडनावावरून नाते जुळवायला बसलात, तर फसाल. एकाच आळीत तीन घरे लोपीस असतात आणि तिघांचा मूळपुरुष वेगळा निघतो. पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळे. त्यामुळे रक्ताचे नसलेले लोक एका आडनावाखाली आले आणि सख्ख्या भावांची आडनावे दोन होऊ शकली. गेली काही वर्षे मी इथल्या घराण्यांच्या वंशावळी जमवतो आहे. नाते ओळखायचे कशावरून, हा माझा रोजचा प्रश्न आहे.

या कामात माझी वैरीण म्हणजे वाळवी. भिंतीवर मातीची नळी बांधत ती जुन्या वहीपर्यंत येते आणि पुठ्ठा तसाच ठेवून आतली तीन-चार पिढ्यांची नावे फस्त करते. शत्रूची माहिती असावी म्हणून तिच्याविषयी वाचू लागलो, तर कळले की तिची स्वतःची वंशावळ आमच्याहून गुंतागुंतीची होती. तो गुंता सुटून फार वर्षे झालेली नाहीत.

तिला मुंगीच्या गोतात बसवण्याची सवय जुनी आहे. इंग्रज तिला पांढरी मुंगी म्हणत. आपणही वारूळ म्हटले की मुंग्या बांधतात आणि नाग राहतो, असेच धरून चालतो. वास्तविक आपण ज्याला वारूळ म्हणतो तो मातीचा उंच मनोरा बहुतेक वेळा वाळवीने उभारलेला असतो. मेहनत एकीची, नाव दुसरीचे! लिनियसने १७५८मध्ये वाळवीला बिनपंखी प्राण्यांच्या गटात उवांच्या पंक्तीला बसवले. पहिल्या पावसात दिव्याभोवती तिच्या पंखवाल्यांची कशी झुंबड उडते, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही त्याला सांगू शकले असते. पुढे १८३२मध्ये तिच्यासाठी ‘आयसोप्टेरा’ नावाचा स्वतंत्र गण करण्यात आला.

जरा निरखून पाहिले तरी मुंगीशी असलेले साम्य वरवरचे ठरते. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची सरळसोट. मुंगीच्या मिश्या कोपरात वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीच्या कामकरी सगळ्या माद्या असतात आणि नर समागमानंतर लवकरच मरतो. वाळवीच्या कामकऱ्यांत नर-मादी दोन्ही असतात आणि राजा राणीजवळ जन्मभर राहतो. मुख्य म्हणजे मुंगी अंडे, अळी, कोश अशा अवस्थांतून जाते. वाळवीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेच छोटी वाळवी म्हणून. मग ही कोणाची?

अमेरिकेच्या डोंगराळ जंगलात कुजक्या ओंडक्यात राहणारे ‘क्रिप्टोसर्कस’ नावाचे एक झुरळ आहे. आईबाप पिल्लांबरोबर राहतात आणि आपल्या आतड्यातला द्रव त्यांना भरवतात. त्या द्रवात लाकूड पचवणारे सूक्ष्म एकपेशीय जीव असतात. १९३४मध्ये क्लीव्हलँड नावाच्या संशोधकाने या जीवांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ते वाळवीच्या पोटातल्या जीवांशी फार जुळत होते. तेव्हापासून वाळवी झुरळांच्या घरातली असावी असा संशय बळावला. पण संशयाने वंशावळ सिद्ध होत नाही. दोघेही लाकूडच खातात; सारख्या धंद्यामुळे सारखेपणा आला असेल तर?

इथे डीएनए कामाला आला. त्याची रीत साहित्याच्या वाचकाला नवखी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकला करताना पाठ बिघडत गेले होते. आता समजा, एका ग्रंथाच्या दहा पोथ्या समोर आहेत. सगळ्यांत जे शब्द सारखे आहेत, ते मूळ ग्रंथातलेच असणार. त्यांवरून कोणती पोथी कोणाच्या जवळची ते कळत नाही. पण दोनच पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर त्या दोन्ही एखाद्या चुकलेल्या प्रतीवरून उतरवल्या असाव्यात. अशा सामाईक चुका जमवत गेलात की पोथ्यांचा वंशवृक्ष हाती येतो.

डीएनए ही चार अक्षरांची पोथी: ए, टी, जी, सी. प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. कीटकाचा स्पिरिटमध्ये ठेवलेला एक पायदेखील पुरतो. त्यातून डीएनए काढायचा, हव्या त्या जनुकाच्या लाखो प्रती करायच्या, अक्षरे वाचायची आणि निरनिराळ्या कीटकांच्या ओळी एकाखाली एक लावायच्या. मग संगणक असंख्य संभाव्य वृक्षांतून या बदलांचा उलगडा सर्वांत चांगला करणारा वृक्ष शोधतो.

हे वाटते तितके सरळ नाही. काही कुळांत अक्षरे झपाट्याने बदलतात. चारच अक्षरे असल्यामुळे अशा दोन अतिभ्रष्ट पोथ्यांत योगायोगानेही चुका जुळतात, आणि परके जीव भाऊ भासतात. शिवाय एकाच जनुकावर विसंबणे म्हणजे एका अध्यायावरून सगळ्या पोथीचा निवाडा करणे. वाळवीच्या बाबतीत वादही झाला. १९९५मध्ये श्रीनिवास कंभमपती यांनी मायटोकॉन्ड्रियातील जनुकांच्या आधारे वृक्ष मांडला. त्यात क्रिप्टोसर्कस आणि ऑस्ट्रेलियातील ‘मॅस्टोटर्मिस’ ही जुन्या घाटणीची वाळवी जवळची ठरली नाहीत. साम्य सारख्या राहणीतून आले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाचच वर्षांनी नेथन लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जनुके घेऊन पाहिली, तर वाळवी थेट लाकूडखाऊ झुरळांतून निघालेली दिसली. मग २००७मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या इनवर्ड, बेकालोनी आणि एगलटन यांनी झुरळे, वाळव्या आणि प्रार्थनाकीटक यांच्या १०७ जातींची पाच जनुके तपासली. वाळवी झुरळांच्या वृक्षाच्या आतच उगवली होती आणि तिची सख्खी बहीण निघाली क्रिप्टोसर्कस. त्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी एका गणाचा मृत्यू जाहीर केला. आयसोप्टेरा हा स्वतंत्र गण उरला नाही.

मला स्वतःला याहून पटला तो दुसरा पुरावा. झुरळांच्या शरीरातील चरबीत एक जिवाणू राहतो आणि तो आईकडून अंड्यात उतरतो. वाळव्यांपैकी फक्त मॅस्टोटर्मिसमध्ये तो सापडतो. याच वाळवीची अंडीही झुरळासारखी एकत्र चिकटलेली, दुहेरी रांगेत असतात. जिवाणूंच्या डीएनएवरून काढलेला वृक्ष त्यांच्या यजमानांच्या वृक्षाशी जुळतो. माहेरून आलेल्या भांड्यांवरून सुनेचे गाव ओळखावे, तसे हे झाले.

२०१४मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने १४७८ जनुकांच्या आधारे सर्व कीटकांचा वृक्ष मांडला. त्यानुसार कीटकांचा उगम सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा. या वृक्षात मुंगीला वाळवीपेक्षा फुलपाखरू जवळचे आहे, डास जवळचा आहे. वाळवी आणि मुंगी यांची घरे, राण्या, शिपाई, सगळे वेगवेगळे घडलेले आहे.

याचा व्यवहारातही उपयोग आहे. कामकरी मुंगी पूर्ण वाढलेली असते, ती पुन्हा कात टाकत नाही. वाळवीची कामकरी मात्र झुरळाच्या पिल्लासारखी कात टाकत राहते. म्हणून नवे कवच तयार होऊ न देणारे औषध आमिषात घालून ठेवले, तर ती ते वारुळात नेऊन इतरांना भरवते आणि कात टाकताना मरते. कामकरी मुंगीवर ते औषध तसे चालायचे नाही.

झुरळांच्या वंशावळीत आणखी एक नाव फसवे निघाले. स्वयंपाकघरातल्या बारक्या, फिकट तपकिरी झुरळाला लिनियसने ‘जर्मन’ ठरवले. २०२४मध्ये १७ देशांतील २८१ झुरळांचा डीएनए ताडून पाहिला गेला. हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये आशियाई झुरळापासून वेगळे झाले, माणसाच्या वस्तीला चिकटले, सुमारे १२०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियाकडे गेले आणि सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपीय व्यापाराच्या काळात पूर्वेकडे पसरले. तेव्हा वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण होते आणि आमच्या गावात आडनावे बदलत होती. युरोपात ते पोहोचले त्यानंतर शतकभराने.