कुरूपाला मूळ नसतं

गेल्या कोजागरीला आम्ही चौघं लातूरहून तुळजापूरला पायी निघालो. आदल्या दिवशी गंजगोलाईत बूट घेतले होते. नऊ नंबर संपलेला. आठ नंबर चालून चालून सैल होईल, असं माझं मीच ठरवलं. बूट काही सैल झाले नाहीत. पैसे वसूल करायचे म्हणून पुढे दोन महिने ते ऑफिसलाही घातले. मग उजव्या करंगळीवर मसुरीएवढा पिवळट, चकचकीत ठिपका उठला. पांघरूण घासलं तरी कळ मस्तकात जायची. आईनं बाजेवर बसल्या बसल्या निदान केलं, "कुरूप झालंय. काटा मोडून राहिला असंल आत."

काटा नव्हता. पण आपल्याकडे काटा आणि कुरूप ही जोडी मनात पक्की बसलेली आहे, आणि ते साहजिकच आहे. बांधावर बाभळ, शेतात तुरीचं धसकट, सोयाबीन काढलं की टोकदार खुंट. मोडलेला काटा आत राहिला तर तिथं गाठ धरते, हे खरंच. बहुतेक कुरूपं मात्र बाहेरून येतात, चपलेच्या पट्ट्यातून नाहीतर बुटाच्या शिवणीतून.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं त्या भरलेल्या असतात. खालून नव्या पेशी वर येतात, वरच्या झडून जातात. हा फेरा साधारण चार आठवड्यांचा. एकाच जागी रोज दाब आणि घासणं सुरू झालं, की त्वचा घाईघाईनं पेशी बनवू लागते आणि झडणं मागे पडतं. थरावर थर चढतो. तो ऐसपैस पसरला तर घट्टा. दाब एवढ्याशा जागेत एकवटला, तर तोच थर पाचरीसारखा आत घुसतो, वर रुंद आणि खाली निमुळता. पाचरीचं टोक खालच्या जिवंत थरातल्या मज्जातंतूंवर रुततं. हेच कुरूप.

लातूर ते तुळजापूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. किलोमीटरला 1300 पावलं धरली तर एक लाखाच्या घरात जातात. म्हणजे माझ्या उजव्या करंगळीनं एकाच शिवणीचे पन्नास हजार टोले खाल्ले.

घट्ट्याला मात्र उगीच नावं ठेवू नयेत. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातल्या अनवाणी आणि बूट घालणाऱ्या माणसांचे तळवे तपासले. 2019 साली 'नेचर'मध्ये त्यांनी मांडलं, की अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड असले तरी तळव्याची जमीन ओळखण्याची जाण कमी होत नाही. जन्मभर अनवाणी राबलेल्या आजोबांना पायाखालचा खडा बरोबर कळायचा, तो यामुळेच. घट्टा हे त्वचेनं स्वतःच शिवलेलं पायताण आहे.

लहानपणी आठवडी बाजारात एक कुरूप काढणारा बसायचा. तुंबडी लावून तो पांढरे दोरे काढून दाखवायचा. 'हे बघा मूळ.' मुळामागे पैसे. दोरे कुठून यायचे ते त्यालाच ठाऊक, कारण कुरूपाला मूळ असूच शकत नाही. मेलेल्या पेशींचा गठ्ठा आहे तो, रोप नव्हे. 'मुळासकट काढलं तरी परत आलं' ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पाय पुन्हा त्याच चपलेत गेलेला असतो, दुसरं काय?

घरगुती उपायांमध्ये बिब्बा पहिला. त्याच्या तेलातली रसायनं कातडी भाजून काढतात. कुरूपाबरोबर आजूबाजूची चांगली जागाही फोडांनी भरते. रुईच्या चिकात प्रथिनं विरघळवणारी द्रव्यं असतात, म्हणून तो थोडाफार लागू पडतो. पण तेच बोट डोळ्याला लागलं तर डोळ्याला गंभीर इजा होते. मी दोन्हींच्या वाटेला जाणार नाही.

सुश्रुतानं या रोगाला 'कदर' म्हटलं आहे. खडे रुतून किंवा काट्याची जखम होऊन पायाला बोराएवढी, खिळ्यासारखी कठीण गाठ येते, असं त्याचं वर्णन. ती कापून काढावी आणि तापलेल्या तेलानं जागा डागावी, हा उपचार. आजही आयुर्वेद महाविद्यालयांतून शल्यतंत्र शिकवताना कदर आणि अग्निकर्म जोडीनंच येतात. मला त्यातली भावली ती कारणमीमांसा: त्यानं दोष पायाखालच्या खड्यांना दिला.

मी औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणली. मऊ कापडी कडं, मधोमध औषधाची टिकली आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी. टिकलीत बहुधा 40 टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते पेशी जाळत नाही, त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे सैल करतं. मी ती जरा वाकडी लावली. तिसऱ्या दिवशी सोडून पाहिलं तर कुरूप जसंच्या तसं, आणि शेजारची चांगली कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरीफटक. दुसऱ्या खेपेला कोमट पाण्यात पाय भिजवला, भोवती व्हॅसलीन लावलं, टिकली नेमकी बसवली. चार दिवसांनी वजरीनं हलकं घासल्यावर थर निघाले. ब्लेड लावलं नाही. तुम्हीही लावू नका.

एक खात्री आधी करून घ्यायची. वरून दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं आणि आत काळे ठिपके दिसले, तर ती विषाणूमुळे आलेली चामखीळ असू शकते. तिचे उपचार वेगळे.

हे सगळं मधुमेह नसलेल्यांसाठी. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू बोथट होते. कॉर्न कॅपनं कातडी खाल्लेली कळत नाही, घट्ट्याखाली जखम होऊन चिघळलेलीही कळत नाही. पाय न दुखणं ही तिथं चांगली बातमी नसते. अशांनी कॅप, बिब्बा, ब्लेड काहीच लावू नये. रोज रात्री आरशात तळवे पाहावेत आणि घट्टा दिसला की डॉक्टर गाठावा. जाणत्या हातांनी घट्टा तासला, तर त्या जागेवरचा दाब पाव भागाहून अधिक उतरतो.

ही जाण आली ती कुष्ठरुग्णांच्या पायांवरून. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बधिर पायांच्या जखमा सडक्या मांसामुळे होत नाहीत, त्याच जागी पुन:पुन्हा पडणाऱ्या दाबामुळे होतात. त्यावर त्यांनी पायताण सुधारलं. बारीक छिद्रांच्या मऊ रबराची ती एमसीआर चप्पल सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आजही दिली जाते.

माझे आठ नंबरचे बूट आता पुतण्या घालतो. कुरूप परत आलेलं नाही. तुमचं येत असेल, तर नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा. जाताना ठेवणीतली चप्पल नको, रोजचीच घालून जा. डॉक्टरांना ती उलटून पाहू द्या.