वेगवान मोटारीतील तेलाचे तापमान

वंगण तेल केवळ घर्षण कमी करते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एंजिनाच्या अंतर्भागातील उष्णता वाहून नेण्याचे कामही तेच करीत असते. फिरता क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही कितीतरी बारीक असा तेलाचा थर असतो. तो तुटला, की धातूवर धातू घासला जातो आणि अल्पावधीतच एंजिन निकामी होते.

हा थर टिकणे तेलाच्या दाटपणावर, आणि दाटपणा तापमानावर अवलंबून असतो. थंड तेल अरुंद मार्गांतून सावकाश वाहते. त्यात मिसळलेले पाणी व पेट्रोल यांची वाफही होत नाही. उलट, फार तापलेले तेल पातळ होते आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून लवकर खराब होते. म्हणून साधारणतः 90 ते 110 अंश सेल्सिअस ही मर्यादा इष्ट मानली जाते.

1963 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेली पोर्श 911 ही जर्मन मोटार या दृष्टीने उद्‌बोधक आहे. 1998 पर्यंत बनलेल्या तिच्या हवाशीत एंजिनांत उष्णता घालविण्याचा मोठा भार तेलावरच होता. तेल स्वतंत्र टाकीत साठविले जाई. एक पंप ते एंजिनाला पुरवी, दुसरा ते पुन्हा टाकीकडे नेई. त्यामुळे तीव्र वळणावरही पुरवठा खंडित होत नसे. मागील बाजूस असलेल्या एंजिनावरचा तेलशीतक अधिक शक्तीच्या प्रकारांना अपुरा पडू लागला. तेव्हा पुढील चाकाजवळ दुसरा शीतक बसविण्यात आला. मात्र तेल पुरेसे तापल्याखेरीज थर्मोस्टॅट त्याची वाट उघडीत नसे. तसे नसते, तर हिवाळ्यात तेल कधीच योग्य तापमानास पोहोचले नसते. तेलाची पातळीही एंजिन तापलेले व चालू असतानाच मोजावी लागे, कारण एंजिन थांबल्यावर टाकीतील काही तेल हळूहळू एंजिनात उतरते.

तथापि, उत्तमोत्तम यंत्रणाही चालकाच्या उतावळेपणापुढे हतबल ठरते. पाणी वापरणाऱ्या एंजिनात पाणी आधी तापते, तेल मागाहून. तेव्हा पाण्याचा काटा स्थिरावला म्हणजे एंजिन सज्ज झाले, असे मानणे धोक्याचे असते. वेगाचा खरा परवाना तेलाचा काटाच देतो.