लाखोरी, शोभेचा वाटाणा आणि शरीराचे बंद

देवरीच्या बाजूस भात कापणीस येण्यापूर्वींच शेतांतील ओलीवर लाखोरीचें बीं फेंकण्याची रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. पुन्हां नांगरट नको, पाणी नको. असें कणखर पीक दुष्काळांत गरिबाच्या ताटांत शेवटपर्यंत उरतें. परंतु महिनोन्‌महिने जवळजवळ तेंच खाल्लें म्हणजे पाय ताठरतात व माणूस काठीवर येतो. या रोगास नेपल्सचे वैद्य कान्तानी यांनीं १८७३ सालीं ‘लॅथिरिझम’ हें नांव दिलें.

पुढें या नांवाचा घोटाळा झाला. १९३३ सालीं अमेरिकेंत गायगर, स्टीनबॉक व पार्सन्स यांनीं उंदरांना शोभेच्या वाटाण्याचें, म्हणजे बागेंतील सुवासिक स्वीट पीचें, बीं चारलें. उंदरांचे कणे वांकले, हाडें विद्रूप झालीं. वनस्पति लाखोरीच्याच गोत्राची, म्हणून हाहि लॅथिरिझमच ठरला! वास्तविक दोन्ही रोग निराळे. लाखोरींतील विष मज्जातंतूंवर घाला घालतें. तें १९६४ सालीं भारतीय संशोधकांनीं वेगळें काढलें. शोभेच्या वाटाण्यांतील विष शरीराचे बंद सोडतें.

हे बंद कसले? हाडें, कातडी, रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारें प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याचे तीन धागे दोरीप्रमाणें पिळलेले असतात. पण नुसता पीळ पुरत नाहीं. बुरूड ताटी करतो तेव्हां कामट्या शेजारीं शेजारीं लावून भागत नाहीं, त्या एकमेकींस बांधाव्या लागतात. कोलॅजेनमध्यें हें काम लायसिल ऑक्सिडेज नांवाचें विकर करतें. धाग्यांतील लायसिन या घटकावर तें असा फेरफार करतें, कीं तो शेजारच्या धाग्यास रासायनिक गांठीनें जखडला जातो. पिनेल व मार्टिन यांनीं १९६८ सालीं हाडांच्या अर्कांत ही क्रिया दाखविली. वाटाण्याचें विष नेमकें या विकरास निकामी करतें. कामट्या शाबूत, पण ताटी कोसळते. विषानें रोग जडविला आणि त्याच विषानें निरोगी हाडाचें रहस्य उघड केलें, हें मोठें नवलच होय.

या विकरास तांबें लागतें. मेन्केस नांवाच्या आनुवंशिक रोगांत बालकाच्या शरीरांत तांबें योग्य ठिकाणीं पोंचत नाहीं. मग हाडें दुबळीं होतात, धमन्या वेड्यावांकड्या वाढतात. तांब्याच्या भांड्यांतील पाणी पाजून हें सुधारत नाहीं, कारण उणीव तांब्याची नसून वाहतुकीची असते. जन्मल्यावर लवकर तांब्याचीं इंजेक्शनें दिलीं तर कांहीं बालकांस लाभ होतो. खुद्द या विकराच्या जनुकांत दोष असलेलीं कुटुंबेंहि २०१६ सालीं वर्णिलीं गेलीं. त्यांत हृदयापासून निघणारी महाधमनी फुगते व फुटण्याचें भय असतें.

घरीं स्वीट पी लावणाऱ्यांनीं तिच्या शेंगा मटारासारख्या दिसतात हें मुलांना सांगून ठेवावें. लाखोरीची गोष्ट वेगळी. तिची डाळ भिजवून पाणी फेंकल्यास विष कमी होतें, आणि देवरीहून मुंबई-कलकत्ता मार्गानें पूर्वेस लागणाऱ्या रायपूरच्या कृषि विद्यापीठानें ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे कमी विषाचे वाणहि काढले आहेत.