छोटी डिझेल गाडी अमेरिकेत जाणार का? मशीनचं कर्ज काढण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत हा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. त्यानंतर तोच प्रश्न इतक्या जणांनी विचारला की म्हटलं, नीट लिहूनच काढू.

प्रश्न कुठून आला ते आधी सांगते. भोसरीत आमचं दुकान आहे. बेअरिंग, बेल्ट, इन्सर्ट, ड्रिल, असा सगळा माल. आमचा एक जुना गिऱ्हाईक आहे, म्हाळुंग्याला भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी चालवतो. परवा दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, एक पार्टी आलीय. छोट्या डिझेल गाड्या आता अमेरिकेत जाणार म्हणतात. इंजेक्टरच्या क्लॅम्पचं काम आहे, वर्षाला पाच लाख नग. फक्त टूलिंगसाठी बारा लाख डिपॉझिट आधी द्यायचंय. आणि मशीन अजून एक घ्यावं लागेल."

मशीन तीस लाखांचं. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता महिना ६४ हजारांच्या पुढे. वर डिपॉझिटचे बारा लाख, म्हणजे घरातलं सोनं. म्हणून हा लेख.

उत्तर आधीच देऊन टाकते: छोटी डिझेल कार अमेरिकेत जाण्याची शक्यता आज जवळजवळ शून्य आहे. पण "नाही" एवढं ऐकून उपयोग नाही. का नाही ते कळलं, की अशी पुढची पार्टी तुमची तुम्हाला ओळखता येईल.

पंपावरचा हिशोब

आपल्याकडे डिझेल कार का चालली ते आठवा. १९९८ च्या डिसेंबरमध्ये टाटांची इंडिका आली, इथल्याच पिंपरीच्या कारखान्यातून. टूरवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. कारण एकच, डिझेल स्वस्त होतं. २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारने मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात दोघांतला फरक इतका वाढला की ज्याला गरज नाही तोसुद्धा डिझेल बुक करायला लागला.

समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे धरू. पेट्रोल ७० रुपये, गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. डिझेल ४२ रुपये, गाडी २० देते. पेट्रोलला किलोमीटरमागे ४ रुपये ६७ पैसे, डिझेलला २ रुपये १० पैसे. डिझेल गाडी एक लाखाने महाग घेतली, तरी साधारण ३९ हजार किलोमीटरमध्ये पैसे वसूल. टूरवाला तेवढं वर्षभरात पळवतो.

आता अमेरिकेत चला. तिथे केंद्र सरकारचा इंधन कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट. म्हणजे करच डिझेलवर जास्त. पंपावरही डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महागच असतं. पुन्हा गोल आकडे: पेट्रोल ३.२० डॉलर आणि गाडी गॅलनला ३५ मैल, डिझेल ३.८० डॉलर आणि गाडी ४५ मैल. मैलामागे वाचतात ०.७ सेंट. तिथले नियम पाळणारी डिझेल गाडी तीन हजार डॉलरने महाग पडली असं धरा. ते वसूल व्हायला सुमारे ४ लाख ३० हजार मैल लागतील. कोण घेणार सांगा?

गाडी वाईट आहे म्हणून नाही, तर हिशोबच उलटा आहे म्हणून ती तिथे खपत नाही. व्यवसायात आपण इथेच चुकतो. इथे खपतं म्हणून तिथे खपेल असं धरून चालतो आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून कधी बघत नाही.

धुराचा नियम, आणि चाकणपर्यंत आलेला झटका

डिझेल इंजिनात हवा खूप दाबली जाते, तापमान वाढतं, आणि हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनचे नायट्रोजन ऑक्साइड बनतात. ते कमी करायला ज्वलन थंड केलं तर काजळी वाढते. काजळी कमी करायला गेलं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. दोन्ही एकदम आवरायचे तर सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळीचा फिल्टर, कॅटॅलिस्ट, मोठ्या गाडीत युरियाच्या पाण्याची टाकी, त्याचे सेन्सर, असं अख्खं दुकान बसवावं लागतं. चाळीस लाखांच्या गाडीत हा खर्च लपतो. सात-आठ लाखांच्या गाडीत लपत नाही.

भारताने आणि युरोपने डिझेलला बरीच वर्षं सूट दिली. बीएस-४ मध्ये पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम होती, डिझेलला ०.२५. अमेरिकेने अशी सूट ठेवलीच नाही. त्याच काळात तिथे कंपन्यांना जी पातळी सरासरीने गाठावी लागायची ती मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४३, आणि पेट्रोल-डिझेल दोघांना सारखीच. चाचणीची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे, त्यामुळे तुलना ढोबळ. पण जवळपास सहापटींचा फरक ढोबळ हिशोबातही दिसतोच. पुढे तिथले नियम आणखी कडक झाले.

यातून मोठ्या कंपन्यासुद्धा कशा घसरल्या ते आपण चाकणमध्ये बसून पाहिलंय. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस दिली. गाडीतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर मात्र काही गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या निघाल्या, जगभरात १ कोटी १० लाख. २०१६ मध्ये तिथे १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. भारतातही एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं.

अमेरिकेत छोटी-मध्यम डिझेल कार जोर लावून विकणारी कंपनी मुख्यतः हीच होती. तिने तिथे डिझेल बंद केलं, मग विषयच संपला.

आणि आपल्याकडे? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवॅगन आणि स्कोडानेही इथल्या गाड्यांत सोडलं. टाटांच्या अल्ट्रोझमध्ये डिझेल टिकलं आणि २०२५ च्या नव्या अल्ट्रोझमध्येही ठेवलं, तेव्हा ती देशातली एकमेव डिझेल हॅचबॅक उरली होती. ती बनते इथेच. म्हणजे आपल्या घरात जे एका गाडीवर आलंय, ते अमेरिकेत वाढणार आहे असं ती पार्टी सांगते आहे.

डिपॉझिट भरून बसलेले डीलर

आता मुद्द्याची गोष्ट. भारतातून डिझेल गाडी अमेरिकेत न्यायचा खराखुरा प्रयत्न झालेला आहे. महिंद्राने केला होता. कार नव्हती, स्कॉर्पिओवर बेतलेला २.२ लिटर डिझेलचा पिकअप होता.

२००६ मध्ये महिंद्राने जॉर्जिया राज्यातल्या ग्लोबल व्हेइकल्स नावाच्या वितरक कंपनीशी करार केला. त्या कंपनीने तिथे ३०० हून अधिक डीलर जोडले. डीलर म्हणजे कोण? तुमच्या-माझ्यासारखेच दुकानदार. त्यांनी फी भरली, काहींनी जागा तयार केल्या. गाडी येणार, येणार म्हणता तारीख पुढे सरकत राहिली. ऑगस्ट २०१० मध्ये प्रदूषणाची मंजुरी मिळाली, पण तोपर्यंत करारावरूनच भांडण लागलं होतं. महिंद्राचं म्हणणं, करार संपला. वितरकाचं म्हणणं, मुद्दाम उशीर केला. लंडनला लवाद बसला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल महिंद्राच्या बाजूने लागला. त्यानंतर डीलरही कोर्टात गेले, महिंद्राने त्यांचे आरोप नाकारले.

कोण बरोबर, कोण चूक, ते ठरवणारी मी कोण! मला एवढंच दिसतं की पिकअप एकही विकला गेला नाही आणि दुकानदारांचे पैसे आणि वर्षं मात्र आधीच गेली होती. महिंद्रासारखी मोठी कंपनी, हातात तयार गाडी, मंजुरीसुद्धा आली, तरी हे झालं. आपल्या गिऱ्हाइकासमोरच्या पार्टीकडे यातलं काय आहे? व्हॉट्सॲपवर आलेलं एक ड्रॉइंग. त्यावर कंपनीचं नावही नाही.

पिकअपच्या वाटेत अजून एक खड्डा होता. अमेरिकेत हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के आयात कर आहे, १९६४ पासून. मूळ भांडण कोंबडीचं! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा राग म्हणून अमेरिकेने हा लावला. कोंबडी विसरली गेली, कर राहिला. कारवर फक्त अडीच टक्के होता, पण एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर आणखी २५ टक्के लावले गेले आणि मे पासून बऱ्याच सुट्या भागांवरही. हे दर आणि सवलती वरचेवर बदलतात, त्यामुळे कोटेशन देण्याआधी कस्टम एजंटकडून त्या दिवशीचा दर लेखी घ्या. माझ्या लेखावर जाऊ नका.

मेक्सिकोपर्यंत जातात, पुढे नाही

गंमत बघा. आपल्या पट्ट्यातल्या गाड्या अमेरिकेच्या कुंपणापर्यंत पोहोचल्या आहेत. चाकणची व्हेंटो मेक्सिकोला जायची. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्याने भारतातली विक्री थांबवल्यावरही २०२० पर्यंत बीट बनवली, ती मुख्यतः मेक्सिकोसाठी. स्टिअरिंग डावीकडे, बोट लांबची, सगळं जमलं. सीमा मात्र ओलांडली नाही, कारण पलीकडे अपघात-सुरक्षेचे आणि धुराचे नियम वेगळे. म्हणजे "माल अमेरिका खंडात जातो" या वाक्यावर खूश होऊ नका. कुठल्या देशात, ते विचारा.

महिंद्राने नंतर दुसरी वाट काढली. २०१८ मध्ये मिशिगनमध्ये रॉक्सर जोडायला सुरुवात केली, २.५ लिटर डिझेलची. पण ती रस्त्यावरची गाडी म्हणून नाही, शेतात-रानात चालवायचं वाहन म्हणून. प्रकार बदलला की नियम बदलतात. त्यातही ती जीपसारखी दिसते म्हणून फियाट क्रायस्लरने तक्रार केली आणि रूप बदलावं लागलं.

आणि हो, एक छोटी डिझेल कार कायद्याने अमेरिकेत जाऊ शकते! २५ वर्षं जुन्या गाडीला तिथले सुरक्षेचे नियम लागत नाहीत, आणि २१ वर्षांपुढे मूळ स्थितीतली असेल तर केंद्राचे धुराचे नियमही नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षीची इंडिका आता पात्र आहे. कॅलिफोर्नियाचं वेगळं, तिथे नका पाठवू. पण कुणाच्या काकांना न्यू जर्सीत हौस असेल तर बघा. यात धंदा नाही.

मग मशीन घ्यायचं की नाही?

मशीनला माझा विरोध नाही. अमेरिकेत डिझेल संपलेलं नाही, छोट्या कारमधून संपलंय. मोठे ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर अजून डिझेलवरच आहेत. मुंढव्याची भारत फोर्ज तिथल्या मोठ्या ट्रकांसाठी क्रँकशाफ्ट आणि फ्रंट ॲक्सल बीम बनवते. महिंद्रा तिथे १९९४ पासून ट्रॅक्टर विकते आहे. आपल्यासारखे छोटे लोक या साखळीत तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतात, आणि ती जागा वाईट नाही. फक्त आपला पार्ट शेवटी कशात बसतो हे माहीत पाहिजे. बुश, स्पेसर, ब्रॅकेट असं काम कशातही चालतं. इंजेक्टरचा क्लॅम्प, ग्लो प्लगचं बूड, काजळीच्या फिल्टरची फिटिंग, यांना डिझेलशिवाय दुसरं घर नाही. त्याच चाकणमध्ये आज महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्या बनतात. त्यांच्यात यातलं काहीच बसत नाही.

आणि टूलिंगचे पैसे. ज्याचा पार्ट, तो टूलिंगचे पैसे देतो, किंवा नगाच्या दरात हळूहळू भरून देतो. जॉबवर्क करणाऱ्याकडून उलटं डिपॉझिट मागणारी पार्टी मी दुकानात बसून दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा नंतर फोन बंद.

गिऱ्हाइकाला मी तीन गोष्टी मागायला लावल्या: शेवटच्या कंपनीचं नाव, नावासकट पीओ, आणि पार्ट ज्या इंजिनात बसतो ते इंजिन सध्या कुठल्या देशात विकलं जातंय त्याचा पुरावा. पार्टी म्हणाली, गोपनीय आहे. फोन मात्र रोज करते. "सर, स्लॉट जाईल."

बँकेची फाइल त्याने मागे घेतलेली नाही, थांबवली आहे. मधल्या काळात जुन्या ओळखीतून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा एक स्पूल आलाय, महिन्याला अठराशे नग. दर फार नाही, पण पीओवर नाव आहे आणि आहे त्या मशीनवर बसतो. सॅम्पल शनिवारी द्यायचंय. इन्सर्ट माझ्याकडूनच नेलेत, उधारीवर.