सीमा ओलांडणारी जोखीम : कुंभकोणमचा धडा

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले कुंभकोणम हे तमिळनाडूतील देवालयांचे नगर. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वणीला येथे लक्षावधी भाविक स्नानासाठी लोटतात. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षण याच गावी झाले. मराठी वाचकाला तर हे गाव परके वाटण्याचे कारणच नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेली तंजावरची मराठी गादी १८५५ पर्यंत टिकली आणि कुंभकोणम हे त्याच राज्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथीलच एका मराठी भाषक घराण्यात झाला.

या गावात १९०४ साली ‘कुंभकोणम बँक लिमिटेड’ ही बँक स्थापन झाली. प्रारंभी तंजावर जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र राखलेली ही संस्था पुढे विस्तारत गेली आणि १९८७ पासून ‘सिटी युनियन बँक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्यालय मात्र कुंभकोणमलाच राहिले. नव्या तंत्रज्ञानाचे स्वागत करण्यात ही बँक मागे नव्हती. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा ‘लक्ष्मी’ नावाचा यंत्रमानव तिने नोव्हेंबर २०१६ मध्ये चेन्नईतील शाखेत आणला, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने याच बँकेला तंत्रज्ञानाची दुसरी बाजू अनुभवावी लागली. तो अनुभव केवळ एका बँकेचा नाही. नव्या तंत्रज्ञानाची जोखीम जेव्हा देशांच्या सीमा ओलांडते, तेव्हा तिचे नियमन कोणी आणि कसे करावयाचे, या प्रश्नाचे मर्म त्यात सामावलेले आहे.

तीन आदेश, तीन वाटा

दिनांक ७ फेब्रुवारी २०१८. आदल्या दिवसाच्या परदेशी व्यवहारांचा ताळमेळ घेताना बँकेच्या अधिकाऱ्यांना तीन नोंदी अशा आढळल्या की, ज्या बँकेने केलेल्याच नव्हत्या. ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेश प्रणालीतून, बँकेच्या नावाने, तीन रकमा परदेशी पाठविण्याचे आदेश गेलेले होते. एकूण रक्कम वीस लाख डॉलरच्या घरात जाणारी होती.

या तीन आदेशांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पाच लाख डॉलरचा पहिला आदेश न्यूयॉर्कमधील स्टँडर्ड चार्टर्ड बँकेमार्फत दुबईतील एका बँकेकडे निघाला होता. तो वाटेतच अडविण्यात आला आणि रक्कम परत मिळाली. तीन लाख युरोंचा दुसरा आदेश फ्रँकफुर्टमार्गे तुर्कस्तानात पोहोचला. तेथील बँकेने ती रक्कम गोठविली. दहा लाख डॉलरचा तिसरा आदेश न्यूयॉर्कच्या बँक ऑफ अमेरिकेमार्फत चीनमधील हांगचौ शहरातील बँकेत गेला. तेथे बनावट कागदपत्रे सादर करून कोणीतरी त्या रकमेवर हक्क सांगितला. मग रकमा परत मिळविण्यासाठी परराष्ट्र मंत्रालय तसेच शांघाय व इस्तंबूल येथील भारतीय वाणिज्य दूतावास यांचे साहाय्य घेण्याची वेळ आली. कावेरीकाठच्या बँकेतील एका संगणकावर झालेल्या घुसखोरीचा निवाडा पाच देशांच्या वाटेवर अवलंबून राहिला.

तिन्ही आदेश सारखेच खोटे होते आणि एकाच उगमातून निघाले होते. तरीही तिघांची गती निराळी झाली. खोटा आदेश निघू नये ही पहिली भिंत कोसळली, तेव्हा रकमेचे भवितव्य प्रत्येक मुक्कामावरील माणसे किती जागरूक होती आणि तेथील नियम किती कडक होते, यावर ठरले. जागतिक जोखमीचे नियमन म्हणजे नेमके काय, याचे उत्तर येथेच सापडते. कोणा एका सर्वोच्च सत्तेचा तो हुकूम नसतो. ती अनेक देशांतील अनेक कड्यांची साखळी असते आणि तिचे बळ तिच्यातील सर्वांत दुर्बल कडीएवढेच असते.

हुंडीपासून स्विफ्टपर्यंत

स्विफ्टचे कार्य समजण्यास अवघड नाही. पूर्वीच्या काळी पेढीवरून हुंडी निघे. रोकड जागची हलत नसे. प्रवास करी तो कागद. परगावच्या पेढीवरील मुनीम हुंडीवरील अक्षर आणि खुणा ओळखी आणि मगच रक्कम चुकती करी. स्विफ्टही पैसा वाहून नेत नाही, ती आदेश पोहोचविते. १९७३ मध्ये पंधरा देशांतील २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियममध्ये ही सहकारी संस्था स्थापन केली. आज २०० हून अधिक देश व प्रदेशांतील ११,००० हून अधिक संस्था तिचा वापर करतात. मुनीम अक्षर ओळखी, त्या जागी आता सांकेतिक किल्ली आली आहे. किल्ली खरी असली की आदेश खरा मानला जातो. त्यामुळे चोराला तिजोरी फोडावी लागत नाही. आदेश लिहिणाऱ्याची जागा बळकावली की पुरते.

या युक्तीची जगाला पहिली मोठी ओळख झाली ती ढाक्यात. ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे ३५ आदेश गेले. मागणी होती सुमारे ९५ कोटी डॉलरची. त्यांपैकी पाच आदेशांचे पैसे सुटले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर परत मिळाले, कारण लाभार्थी संस्थेच्या नावातील ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतील बँकेला त्याचा संशय आला. फिलिपाइन्सला पोहोचलेले ८ कोटी १० लाख डॉलर मात्र तेथील जुगारगृहांमध्ये वळविण्यात आले. त्यांपैकी दीड कोटी डॉलर पुढे परत मिळाले.

या गुन्ह्याची वेळ विचारपूर्वक निवडलेली होती. बांगलादेशात शुक्रवार-शनिवारी साप्ताहिक सुटी, अमेरिकेत रविवारी, आणि फिलिपाइन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची. तीन देशांच्या पंचांगांतील फटी जोडून गुन्हेगारांनी चार दिवसांची सवड मिळविली. ढाक्यात आदेशांची पोच छापणारा प्रिंटर बंद पाडण्यात आला होता. दोन वर्षांनी कुंभकोणमच्या बँकेतही स्विफ्टला जोडलेला प्रिंटर असाच निकामी केला गेला आणि खोट्या आदेशांची पोच दुसऱ्या दिवशीपर्यंत हाती आली नाही. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या व्यवस्थेत एका साध्या छपाईयंत्राला किती महत्त्व असते, हे दोन्ही प्रसंगांतून दिसून आले. ढाक्याचा अनुभव जगजाहीर असतानाही तीच युक्ती दुसऱ्यांदा चालावी, ही यातील अधिक चिंतेची बाब होय.

पुण्यातील दुसरा शनिवार

महाराष्ट्रालाही याची झळ लवकरच बसली. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, बँकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रतींनी २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढण्यात आले. रक्कम देण्यास मान्यता देणारी यंत्रणा बाजूला सारून तिच्या जागी मालवेअरच्या साहाय्याने एक नकली यंत्रणा उभी केली गेली होती; ती प्रत्येक मागणीला होकार देत होती. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्टद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगकडे पाठविले गेले. एकूण हानी ९४ कोटींवर गेली. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरविले. परंतु एटीएमपुढे उभे राहणारे हात पकडले जाणे आणि दूरदेशी बसून सूत्रे हलविणारे मेंदू पकडले जाणे, यांत फार अंतर असते. पोलिसांचे अधिकार देशाच्या सीमेशी थांबतात, संगणकाचा आदेश थांबत नाही.

नियम कोणी करावयाचा?

स्विफ्ट ही खासगी सहकारी संस्था आहे. तिच्यावर देखरेख ठेवतात त्या प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या मध्यवर्ती बँका आणि त्यांत अग्रणी म्हणून बेल्जियमची नॅशनल बँक. या देखरेखीच्या विस्तृत मंचावर भारतीय रिझर्व्ह बँकेलाही स्थान आहे. ढाक्याच्या घटनेनंतर स्विफ्टने २०१६ मध्ये ग्राहक-सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या पहिल्या आराखड्यात सोळा अनिवार्य आणि अकरा ऐच्छिक उपाय सांगितले होते आणि प्रत्येक सदस्य बँकेने त्यांचे पालन २०१७ अखेर स्वतः प्रमाणित करावयाचे होते.

भारतात रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी सायबर सुरक्षेचा आराखडा लागू केला. कोणतीही गंभीर घटना दोन ते सहा तासांत कळविण्याचे बंधन त्यात होते. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा आपण बँकांना गोपनीय इशारे दिले होते, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केले. नंतर या विषयीचे निर्देश ठरलेल्या मुदतीत पाळणे बंधनकारक झाले आणि मार्च २०१९ मध्ये पालनात कुचराई करणाऱ्या ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड झाला. इशारा, निर्देश आणि दंड या तीन पायऱ्या चढावयास तीन वर्षे लागली. गुन्हेगारांना मात्र एक रात्र पुरली होती.

हे अंतर का पडते? संरक्षणाचा खर्च प्रत्येक बँकेला स्वतःच्या खिशातून करावा लागतो, पण त्याचा लाभ सर्वांना मिळतो. साहजिकच दुसऱ्याने आधी खर्च करावा, अशी वृत्ती बळावते. शिवाय एका देशाने आपला बांध घातला, तरी शेजारच्या देशातील खिंडार उघडेच राहते. फिलिपाइन्समधील जुगारगृहे त्या वेळी काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. ढाक्याचा पैसा तेथे दिसेनासा झाला तो याच फटीतून. जुलै २०१७ मध्ये तो कायदा दुरुस्त झाला आणि जुगारगृहे त्याच्या कक्षेत आली. मनिलातील कायद्याची किंमत ढाक्याला मोजावी लागली होती. म्हणूनच अशा जोखमीचे नियमन कोणत्याही देशाला एकट्याने साधत नाही.

पुढील आव्हान

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने या प्रश्नाला नवे परिमाण दिले आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याचा आवाज वा चेहरा हुबेहूब उभा करता येऊ लागल्याने अक्षर ओळखण्याचा मुनिमाचा जुना प्रश्न पुन्हा समोर ठाकला आहे. या तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराची चौकट सुचविण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मुंबईचे प्राध्यापक डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. नुकसान होण्याची वाट न पाहता आधीच नियम आखण्याचा हा प्रयत्न असल्याने त्याचे मोल विशेष.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हालचाल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे तो स्वाक्षरीसाठी खुला झाला. चाळीस राष्ट्रांच्या रीतसर मान्यतेनंतर तो अमलात येण्याची तरतूद आहे. प्रत्येक देशात चोवीस तास उपलब्ध असणारा संपर्क कक्ष असावा, अशी योजना त्यात आहे. हांगचौसारख्या ठिकाणी अडकलेल्या रकमेसाठी काही तासांत योग्य माणसाशी बोलता येणे किती मोलाचे असते, हे कुंभकोणमच्या उदाहरणावरून सहज ध्यानात येईल.

साखळीतील शेवटची कडी

या साखळीत ग्राहकाचेही स्थान आहे आणि ते गौण नाही. कुंभकोणममध्ये खोटे आदेश उजेडात आले ते कोणत्याही अद्भुत यंत्रामुळे नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी नेमाने घेतलेल्या ताळमेळामुळे. तोच नेम घरीही पाळता येतो. खात्यातील प्रत्येक व्यवहाराचा लघुसंदेश वाचणे, विवरणपत्र तपासणे, आणि ओळखीच्या आवाजात आलेली पैशाची मागणीही त्या व्यक्तीच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून पडताळून पाहणे, यांना फारसे श्रम पडत नाहीत. मोबाइल क्रमांक बदलल्यास तो बँकेत त्वरित नोंदविणेही तितकेच अगत्याचे. अन्यथा संदेश जुन्या क्रमांकावरच जात राहतात आणि ग्राहकाचा प्रिंटर जणू बंद पडतो.

संशय येताच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचे दायित्व किती, हे त्याने किती तत्परतेने कळविले यावर अवलंबून राहील, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. या तत्त्वामागे अनुभव आहे. दुबईच्या वाटेवरील पाच लाख डॉलर परत आले, कारण ते अजून वाटेतच होते. एकदा मुक्कामी पोहोचून कोणाच्या हाती पडलेली रक्कम परत आणण्यासाठी दूतावासांचे दरवाजे ठोठवावे लागतात.